पडद्यावरचं मोहाचं झाड

मी मोहर्लीकडच्या एका खेड्यातला शाळामास्तर. जंगलाच्या वेशीवरच्या सभागृहात मी कित्येक वर्षं दुभाष्याचं काम केलं. बाहेरून शास्त्रज्ञ यायचे, सकाळी सफारी करायचे आणि दुपारी नैसर्गिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावर आम्हाला इंग्रजीतून शहाणं करायचे. मी ते मराठीत आणायचो. समोर बसायला माणसंही मीच आणायचो, कारण रिकाम्या खुर्च्यांचा फोटो छापता येत नाही ना! जिचा जन्म बांबू कापण्यात गेला तिला बांबू कसा वाढतो ते सांगायचं आणि तिनं टाळ्या वाजवायच्या. उबग आला होता मला. तरी मी जायचो. माईक हातात आला की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या फेब्रुवारीत विषय वणव्याचा होता. मोहफुलं पहाटे गळतात. वाळल्या पाल्यात ती दिसत नाहीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. वक्ते हे सांगत होते ते खरंच होतं. त्यांनी मागच्या उन्हाळ्यातला एक फोटो पडद्यावर लावला. एका बाजूला वाकलेला जुना मोह आणि खाली काळीठिक्कर जमीन. बाया पेंगत होत्या. आमच्याकडे कोणत्या मोहाखाली कोणत्या घरानं वेचायचं हे ठरलेलं असतं आणि गावाला ते पाठ असतं. जरा जाग आणावी म्हणून मी विचारलं, “ओळखा पाहू, कोणाचं झाड?”

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई पहिल्याच रांगेत होत्या. त्या हात वर करून ताडकन उभ्या राहिल्या. “मायावालं हाये गुरुजी! माह्या सासूपासून आमीच वेचतो. पाहा न, कसं मोठं दिसून राह्यलं!”

त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. वक्त्यांनी काय म्हणतात ते विचारलं आणि मी हौसेनं शब्दन्‌शब्द सांगितला. भिंतीला टेकलेल्या वनखात्याच्या गार्डनं डायरी काढली तेव्हा कुठं माझी जीभ थांबली. वक्ते म्हणाले, लोकसहभाग म्हणतात तो हाच. मग समोसे खाऊन ते गेले.

आठवड्याभरात बाईंना वनखात्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. “मी पाला झाडून बाजूले करतो साहेब, जाळत नाई. आग तिकडून आली होती,” असं त्या परत परत सांगत होत्या. यंदा झाडाकडे फिरकायचं नाही, एवढंच उत्तर मिळालं. प्रश्न मी विचारला होता, असं मी म्हटलं. साहेब हसले. “तुमच्यामुळेच तर नाव कळलं, गुरुजी. आभार.” त्या हसण्याची मला शिसारी आली, आणि त्याहून जास्त माझ्या त्या माईकची.

त्या हंगामात बाईंच्या झाडाखाली फुलं पडून पडून आंबली. झाड त्यांचं, म्हणून गावातल्या एकीनंही त्याला हात लावला नाही. एका दुपारी खिचडीचं पातेलं उतरवत असलेल्या बाईंना मी विचारलं, “बाई, माझा राग येतो का?”

“राग कायचा गुरुजी?” त्या म्हणाल्या. “तुमीच पोरायले सांगता न, येत असन त हात वर करा. मले येत होतं.”