उर्दू कागद आणि लंडनची जेवणं

माझ्या धाकट्या दिरांइतका जन्मजात वकील नांदेडात दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, कारण लगेच विचारतील, "पुरावा?" सत्तरी ओलांडली तरी रोज काळा कोट चढवून कोर्टात जातात. भाजीत मीठ कमी पडलं तर सरळ सांगतील तर शपथ. "वहिनी, माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे मीठ राहिलेलं हाय," असं म्हणायचं. एकदा माझ्या हातून वरणाचं पातेलं कलंडलं, तर म्हणाले, "कबुलीजबाब देऊ नका, आधी विचार करा." पण एक आहे. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत, आणि ते घडाघडा वाचणारे आमच्या ओळखीत हे एकटेच उरले. मुदखेडकडून कुणी पिवळा पडलेला कागद घेऊन आला की तरुण वकील त्याला मुकाट यांच्याकडं धाडतात. आपल्यामागं हे कोण वाचणार, ही एकच काळजी त्यांना. आणि त्या काळजीवरचं औषध म्हणजे त्यांची नात, लातूरला दिलेल्या लेकीची मुलगी. ती कायदा शिकायला लंडनला गेली.

झालं! तेव्हापासून भावजींना जगभरचे वकील कसे घडतात याचाच ध्यास. आपल्याकडं बारावीनंतर पाच वर्षं, नाहीतर पदवीवर तीन; मग सनद, परीक्षा, आणि खरं शिक्षण सीनिअरच्या फायली उचलून. हे स्वतः औशाच्या एका वकिलांमागं चार वर्षं फायली घेऊन फिरलेले. अमेरिकेत आधी दुसरी पदवी घ्यावी लागते हे ऐकून म्हणाले, "म्हंजे वकील होईस्तोवर माणूस दमतंयच की!" जर्मनीत दोन मोठ्या परीक्षा आणि मध्ये दोनेक वर्षं न्यायाधीशांच्या, वकिलांच्या हाताखाली काम, हे मात्र लई पसंत पडलं. पण इंग्लंडात बॅरिस्टर व्हायला तिथल्या वकिलांच्या जुन्या संस्थेत जाऊन ठरलेली जेवणं जेवायची रीत आहे, असं नातीनं सांगितलं, तेव्हा फोनवरच ओरडले, "जेवून सनद मिळती तर तुझा बाप कवाच बॅरिस्टर झाला असता!"

हसले खरे, पण मनात धास्ती. पोरगी काट्याचमच्यात नापास झाली तर? म्हणून आपणच सराव करून तिला फोनवर दाखवायला निघाले. माझ्या स्वयंपाकघरात बसून कडक भाकरी सुरीनं कापायला गेले, तुकडा उडाला तो थेट ठेच्यात, आणि ठेचा यांच्या डोळ्यात. नात तिकडं हसून हसून लोळायला लागली, आणि हे एक डोळा मिटून म्हणतात कसे, "हसू नको. भाकरी फितूर झाली."

परवाच्या उन्हाळ्यात ती शिकून आली. आता एक वर्ष ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढायचं, एवढंच यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपल्या टेबलाशेजारी नवी खुर्ची आणून ठेवली! ते वर्ष तिकडंच काढावं लागतं, आणि तिला तिथं जागाही मिळालीय, हे सांगायचं कुणी? पोरगी माझ्याकडं आली. "मोठी आजी, तूच सांग ना आजोबांना."

"मी न्हाई बाई. तुझं वकीलपत्र मी घेत नसते."

शेवटी तिनंच सांगितलं. भावजींची हळूच उलटतपासणी सुरू झाली. "तुझा सीनिअर कशाचे दावे चालवतो? शेताचे?"

"नाही आजोबा. जहाजांचे."

"जहाजांचे!" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आता नांदेडात जहाज कुठून आणू मी?" आणि आपणच हसत सुटले, चष्मा पुसत पुसत. "जा. नीट शीक."

आता दर रविवारी दुपारी, तिकडं सकाळ असते, हे फोनवरून तिला उर्दू शिकवतात. कागद कॅमेऱ्यापुढं धरला की यांच्याच हातात तो हलतो, आणि वर हेच रागावतात, "फोन नीट धर की!" ती एखाद्या अक्षराशी अडली तर सांगत नाहीत, थांबतात. असं थांबणं या माणसाला जमतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मागच्या रविवारी तिनं अख्खी ओळ न अडता वाचली. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या कागदाची घडी घालत बसले. मी म्हटलं, "भावजी, वर्ष संपल्यावर इकडं येणार का, एकदा सरळ विचारा की तिला."

त्यांनी मान हलवली. "वहिनी, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक न्हाई, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नसतो."

आणि पुढच्या रविवारसाठी, जरा अवघड अक्षराचा, दुसरा कागद शोधायला लागले.