नाव सांगा, गाव सांगा

‘हो’ या शब्दावर काडीचाही विश्वास नसलेली एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी माझी सख्खी मावशी निघाली. बघण्याच्या कार्यक्रमात काका लाजत लाजत ‘हो, पसंत आहे’ म्हणाले, तर हिनं मान वर करून विचारलं होतं म्हणे, “काय पसंत आहे, ते सांगा.” काकांना घाम फुटला आणि ते ‘पोहे’ म्हणाले. तरीही लग्न झालं. खान्देशातून सुरतेला आल्यावर काका कापडाच्या लूमवर लागले, मावशी तिथल्याच उधन्यातल्या एका इस्पितळात नर्स झाली, आणि तेव्हापासून नुसतं ‘हो’ म्हणून तिच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. काकांना भाजीला पाठवतानाही ती उंबऱ्यात अडवते. “तुम्हले काय समजनं, ते माले सांगा.” काय समजलं ते काका इमानदारीत पाठ म्हणून दाखवतात, कोथिंबीर, आलं, मेथी नको; आणि येताना मेथी घेऊन येतात. “पाहिलंस?” ती मला म्हणते, “वदवून घेतलं तरी हे! नुसत्या ‘हो’वर सोडलं असतं, तर या माणसानं बैल आणला असता.”

हसा खुशाल, पण या वेडाला कारण आहे. आम्हा लोकांची एक खोड आहे. समोर डॉक्टर किंवा सिस्टर दिसली की आम्ही आदरानं ‘हो’ म्हणतो. दुखतंय? हो. आता थांबलं? हो. मावशी नवी होती तेव्हाची गोष्ट. हातात इंजेक्शन घेऊन तिनं एका म्हातारीला विचारलं, “आशाबाई पाटील ना?” म्हातारी गोड हसून ‘हो’ म्हणाली. सुई टोचणार एवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला, “ओ सिस्टर, आशाबाई मी शे! ती निर्मला.” मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. मग तुम्ही ‘हो’ का म्हणालात, असं विचारलं तर निर्मलाबाई म्हणाल्या, “तू इतक्या मायेनं विचारलं बाई, नाही कसं म्हणू?” त्या दिवशी मावशी घरी येऊन जेवली नाही. आजही ती गोष्ट निघाली की तिचा उजवा हात आपोआप पदराखाली जातो.

पुढे ती इनचार्ज सिस्टर झाली आणि इस्पितळानं औषधं आणि रक्त देण्याच्या कामासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. त्यात काय काय सोयी हव्यात, हे ठरवायला मावशीला बसवलं. बिचारा तो गुजराती इंजिनियर! मोठ्या उत्साहानं म्हणाला, “मॅडम, आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक गोष्टीला वॉर्निंग देतं.” मावशी म्हणाली, “आमचे हे सकाळपासून टीव्हीसमोर ओरडत असतात. मला ऐकू येतं का? मोजकंच ओरडणारं दे. पण ओरडलं की हात थांबलाच पाहिजे.” मग त्यानं ‘कन्फर्म’चं बटण दाखवलं. हिनं पदरानं स्वतःचे डोळे झाकले, त्याच्या आईची तब्येत विचारता विचारता बटण दाबलं आणि म्हणाली, “बघ. अंगठा ‘हो’ म्हणाला, मी कुठं म्हणाले?” नर्स जेवली की नाही हेही कॉम्प्युटरनं आधी विचारावं, असा तिचा हट्ट होता. तो काही चालला नाही, म्हणून दिवसभर फुगून बसली.

पण खरी लढाई झाली ती गावाच्या रकान्यावरून. इंजिनियर म्हणाला, “जन्मतारीख आहे, मोबाइल आहे, पत्ता आहे. गाव कशाला?” मावशीनं त्याला समोर बसवून सांगितलं, की आमच्यातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून, मास्तरांनी लावलेली. मोबाइल मुलाचा. पत्ता सगळ्यांचा पाण्याच्या टाकीजवळ. आणि आशाबाई पाटील म्हणाल तर वॉर्डात कधीही दोन-तीन सापडतील. “आमचा माणूस गावावरून ओळखू येतो रे भाऊ. पेशंटला स्वतःच्या तोंडानं नाव आणि गाव सांगू दे, सिस्टरनं ते लिहायचं. भरतीच्या फॉर्मशी जुळलं नाही तर सगळं बंद. दुसरी सिस्टर येऊन तपासेपर्यंत पुढं जायचं नाही.” त्यानं मान डोलावली. ही लगेच म्हणाली, “तुले काय समजनं, ते माले सांग.” पोरगा गुणी. सगळं बोलून दाखवलं त्यानं, आणि तसंच करूनही दिलं.

मावशी निवृत्त झाली, आणि गेल्या महिन्यात घरात पाय घसरून पडली. त्याच इस्पितळात खुब्याचं ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं होतं, ते चढवायचं होतं. मी उशाशी उभा होतो. एक तरुण सिस्टर रक्ताची पिशवी घेऊन आली. “मासी, तमारुं नाम?” मावशीनं गुंगीतच नाव सांगितलं, बरोबर सांगितलं. “ने गाम?” मावशीच्या चेहऱ्यावर कोवळं हसू आलं. “कापडणे,” ती म्हणाली.

सिस्टरनं ते लिहिलं आणि स्क्रीन लाल झाला. अहो, होणारच! फॉर्म काकांनी भरला होता, आणि काकांनी लिहिलं होतं बेटावद, स्वतःचं गाव. कापडणे हे तिचं माहेर. माझा जीव टांगणीला लागला. मावशी पांढरीफटक पडलेली, रक्त हातभर अंतरावर, आणि तिनंच भांडून आणलेलं ते यंत्र अडून बसलेलं. “अहो सिस्टर, ही माझीच मावशी आहे, द्या ना!” मी जवळजवळ ओरडलो. ती पोरगी घाबरली होती, तरी तिनं पिशवी ट्रेमध्ये खाली ठेवली. “भाई, तुम्ही ‘हो’ म्हणून नाही चालणार,” म्हणाली आणि दुसऱ्या सिस्टरला बोलावून आणलं. दोघींनी हातावरची पट्टी पाहिली, नंबर जुळवले, पिशवी तपासली, दोन्ही गावं माझ्याकडून वदवून घेतली, आणि मग कुठं थेंब सुरू झाले.

संध्याकाळी मावशी जरा शुद्धीवर आली. मी झाला प्रकार सांगितला. “चुकलंच आपलं,” ती हळूच म्हणाली, “बाईला दोन गावं असतात, हे माझ्याच लक्षात आलं नाही. त्या इंजिनियरला सांग, अजून एक रकाना टाक म्हणावं.” मग डोळे मिटून घेतले.

“आता बरं वाटतंय ना?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

तिच्या तोंडून असा नुसता ‘हो’ मी कधी ऐकला नव्हता. मी खाली वाकलो आणि तिचा उजवा हात हातात घेतला. “काय बरं वाटतंय मावशी, ते सांग.”

डोळे न उघडता ती म्हणाली, “त्या पोरीनं पिशवी खाली ठेवली, ते.”