गुरुवारी दाबलेलं ‘नाही’

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला मी बंगळुरातल्या आमच्या कोरमंगलाच्या फ्लॅटवर आणलं, नवव्या मजल्यावर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं: दोन महिन्यांत चालल्या तर चालल्या, नाहीतर कायमच्या खाटेवर. फिजिओथेरपीची बाई रोज येऊन "अज्जी, फक्त दहा पावलं" म्हणायची. आई वॉकरवर टॉवेल वाळत घालायची.

"कुठं चालू?" ती मला विचारायची. "किचनपर्यंत? तिथं काय बघायचं, फ्रिज?"

के. आर. पुरमच्या गल्लीत तिची पस्तीस वर्षं गेली. तिथल्या शेजारच्या चार अक्का दर गुरुवारी दोन बस बदलून तिला भेटायला यायच्या. डबे, गजरे आणि आपापले गुडघे घेऊन. त्या आल्या की आई दोन घास जास्त जेवायची. हे मला दिसत होतं. तरी मी जे केलं ते केलं, आणि आजवर कुणाला सांगितलं नाही.

कारण अगदीच फुटकळ. मी घरून काम करतो. एका गुरुवारी माझी व्हिडिओ मीटिंग चालू असताना थोरली अक्का दहीभाताची ताटली घेऊन थेट खोलीत शिरली आणि पडद्यावरच्या माझ्या साहेबांना कानडीत म्हणाली, "ह्याला आधी जेवू दे. स्वल्प बघा तरी, किती वाळलाय!" साहेब हसले. मग बाकीचे अकराही हसले. पन्नाशीला आलेला माणूस मी. कान तापले.

पुढच्या गुरुवारी अकराला माझ्या मोबाइलवर गेटचं ॲप वाजलं. चार पाहुण्या, आत सोडायचं का? मी ‘नाही’ दाबलं.

पाच मिनिटांत आईचा फोन वाजला, खालून अक्कांचा. "अरे, त्यांना गेटवर अडवलंय!"

"ॲप बिघडलंय आई. शिवाय डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन होतं." खरं कारण असतं तर एकच पुरलं असतं.

"मग मीच खाली जाते."

"जा की," मी म्हटलं. तीन आठवड्यांत तिनं हॉल ओलांडला नव्हता. मी दार लावून मीटिंगला बसलो.

तासाभरानं बाहेर आलो तर खुर्ची रिकामी, टॉवेल जमिनीवर, वॉकर गायब. धावत खाली गेलो. गेटच्या आडव्या दांडीच्या आत आई वॉचमनच्या खुर्चीत बसलेली, आणि दांडीच्या बाहेर फूटपाथवर चौघी. गाडी आली की वॉचमन दांडी वर करी, चौघी निमूट मागे सरत. दांडी खाली आली की गप्पा तिथूनच पुढे. दांडी वर असताना आत शिरावं, असं एकीच्याही मनात आलं नाही. परवानगी नाही म्हणजे नाही.

मधूनमधून आई वॉचमनला झापत होती. "तुझ्या आईला असं उन्हात उभं करशील काय रे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘नाही’ कुणी दाबलं ते त्याच्या मोबाइलवर लिहिलेलंच होतं. "सरी, अम्मा," तो म्हणाला. "बरं, चुकलं."

मी मोबाइल खिशात टाकला.

त्यानंतर मी दर गुरुवारी इमानेइतबारे ‘होय’ दाबू लागलो, पण जिथं अपमान झाला ते गेट ओलांडायचं नाही असं चौघींनी ठरवून टाकलं होतं. मग आईच खाली जाऊ लागली. आधी गुरुवारी, मग रोज. गुरुवारी अक्कांसाठी, बाकीचे दिवस वॉचमनला बोलायला. महिन्याभरानं डॉक्टरांनी तिला चालताना पाहून माझी पाठ थोपटली. फिजिओच्या बाईंनी स्वतःची थोपटली.

गेल्या आठवड्यात आईनं माझ्यापुढे कागद ठेवला. "लिही. सोसायटीच्या असोसिएशनला तक्रार, इंग्रजीत. ह्या वॉचमनला काढा म्हणावं."

दोन ओळी लिहिल्या. तिसरी होईना.

"आई, ‘नाही’ त्यानं नव्हतं दाबलं. मी दाबलं होतं." मग सगळंच सांगितलं, साहेबांच्या हसण्यासकट.

आता ती रडेल, असं मला वाटलं.

"तो दहीभात," ती म्हणाली, "खाल्लास का टाकलास?"

"खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

"खाऊनपिऊन वर ‘नाही’ दाबलंस! आणि मी रोज त्या बिचाऱ्याला शिव्या देतेय. बघत होतास की नाही?"

"गॅलरीतून."

"मग लिही आता. तक्रार तीच, माणूस बदल. नववा मजला, माझाच मुलगा." मी लिहीत गेलो. ती ओळीओळीला थांबवून अर्थ विचारत होती. "आणि खाली लिही, गेटपाशी एक बाक पाहिजे. पाच जणींचा, टेकायला पाठ असलेला."

"सही कुणाची?"

"तुझी. आणि हे आधी त्याला वाचून दाखवायचं. कानडीत. चल."

"आत्ता? आई, मीटिंग आहे."

मला चप्पल सापडेपर्यंत ती लिफ्टपाशी पोचलीसुद्धा होती.