आधीच न्हालेला देव

माझा देवावर राग नाही, त्याच्या लाऊडस्पीकरवर आहे. त्यामुळे बायकोने खालापूरच्या डोंगरावर तंबू ठोकून एक रात्र काढू या म्हटलं, तेव्हा मी लगेच तयार झालो. ऐन चैत्रात त्या पठारावर भोंगा सोडाच, कावळाही नसतो.

वर गवत जळून गेलं होतं आणि कातळ तव्यासारखा तापला होता. जांभळीखाली शेंदूर फासलेला वाघोबाचा धोंडा होता. बिचारा किती तापलाय म्हणत बायकोने आमची शेवटची बाटली त्याच्यावर रिकामी केली. पुढच्या टाक्यात बारमाही पाणी असतं, असं आम्हाला खाली सांगितलं होतं. टाक्यात वाळका पाला निघाला. परत फिरताना तिला भोवळ आली. तिला कसंबसं जांभळीखाली आणून आडवं केलं. तिला उतरणं शक्य नव्हतं आणि तिला एकटं सोडणं मला. फोनला रेंज नव्हती. प्रार्थनेची सवय नसल्याने मी इतकंच म्हणालो, ‘मला काही सुचत नाही. आता तू बघ.’

थोड्या वेळाने पायवाटेवर बोलणं ऐकू आलं. खालच्या गावातल्या दोघी जावा येत होत्या, धाकटीच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. चैत्रात वाघोबाला गार करायला गावातून पाळीपाळीने हंडा चढतो आणि आज त्यांची पाळी होती. मी पाणी मागितलं. धाकटी घुटमळली, देवासाठी भरलेलं पाणी देवाआधी कुणाला द्यायचं नाही, अशी रीत. थोरलीने वाकून धोंड्याखालची ओली माती चाचपली.

“देव न्हालाय गं. कोनी घातलं पानी?”

मी बायकोकडे बोट दाखवलं.

“मंग आमचं काम हिनीच केलं. उतरव हंडा. आनि दादा, तुमी बघत काय बसलाय? बाईचं डोकं धरा.”

घोटाघोटाने पाणी पोटात गेलं तशी बायको उठून बसली. आमच्या बाटल्या भरून देताना थोरली म्हणाली, पुढच्या साली आधी कळवा, आमची चढन वाचंल.

याला योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. बायकोने बाटली ओतली तेव्हा पाणी राखायचा हिशेब मीच करत होतो, आणि माझ्या हिशेबाने तर देव कोरडा राहून हंडा त्याच्यावरच रिकामा झाला असता आणि आम्ही तहानलेलेच राहिलो असतो. बायकोने खाली उतरायला साफ नकार दिल्यामुळे रात्र तिथेच काढली. सकाळी तंबूबाहेर आलो, तर ऊन नुकतं पठारावर टेकत होतं आणि आत ती शांत झोपली होती. माझे हात आपोआप जोडले गेले. कुणी बघत नव्हतं, तरी मी ते सोडवले नाहीत.