भेग की तडा

मी बिल्डरांच्या बाजूने लढणारी वकील. सोसायट्यांमधल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती मला आता पाठ झाली आहे. समोरचा ‘तडा’ म्हणाला की आपण ‘भेग’ म्हणायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. भेग प्लास्टरला पडते, पुट्टी भरली की मिटते. तडा आतपर्यंत जातो. पनवेलच्या आसपास इतक्या इमारती उभ्या राहिल्या, की या दोन शब्दांवर माझं खांदा कॉलनीतलं ऑफिस मजेत चाललं.

विचुंब्याच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये, बीमवर अशीच एक रेघ उमटली होती. ग्राहक आयोगाने नेमलेल्या इंजिनिअरांनी त्या रेघेवर काचेची बोटभर पट्टी आडवी चिकटवली. पट्टी शाबूत राहिली तर भेग. फुटली तर तडा वाढतोय, म्हणजे बीम धोक्यात आणि त्याखाली झोपणाऱ्या काकूही. एवढी मोठी इमारत केसभर हलली तरी त्या चिमुकल्या काचेला कळतं, याचं मला आजही नवल वाटतं.

गणपतीनंतर आम्ही सगळे पुन्हा तिथे गेलो, तर पट्टी गायब.

"फुटली होती," काकू म्हणाल्या. "गौरी घरात बसल्या होत्या. फुटकी काच घरात कशी ठेवायची? काढून टाकली."

"फोटो काढलात?" इंजिनिअरांनी विचारलं.

"नाही हो. सुचलंच नाही."

फुटकी काच माझी आईही घरात ठेवत नसे. काकू खरं बोलताहेत हे मला लख्ख कळत होतं. तरी सवयीने मी बोलून गेले, "म्हणजे पुरावा काही नाही." केस आमच्या खिशात आली होती.

माझा अशील, त्या इमारतीचा बिल्डर, दाराशी उभा होता. याच गावचा, इमारत उभी होती त्या जमिनीत त्याच्या वडिलांनी भात पिकवलेला. भांडण कोर्टकचेरीपर्यंत गेलं तरी काकूंनी त्याला गौरीचं बोलावणं चुकवलं नव्हतं, आणि तोही बायकोला घेऊन गेला होता.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "काच फुटली व्हती. आमी पाया पडाया आलो त्या दिवशी मी बघितली. मधोमध फुटली व्हती."

मी त्याला बाजूला घेतलं. "हे लिहून घेतील. सगळी दुरुस्ती तुमच्या अंगावर येईल."

"येऊ द्या. गौरीसमोर बघितलंय, आता नाय कसा म्हणू?"

जिंकलेली केस अशी हातची सोडणारा माणूस मी उभ्या वकिलीत पाहिला नव्हता. मी थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिले. तो मात्र फोनवर लोखंडी टेकू मागवत होता, आजच्या आज.

इंजिनिअर अहवाल लिहायला बसले. माझ्याकडे बघून जरासे हसले. "काय लिहू, मॅडम? भेग?"

"तडा लिहा," मी म्हणाले.