जॉबकार्डावरचा शेरा

मी तेल्हाऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि अकोल्याहून रोज मोटारसायकलनं जाते. स्कूटी नाही, मोटारसायकल. जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीला ही चर्चा वर्षभर पुरली. मग लोक कंटाळले, मी नाही.

गाडी दीड वर्षाची झाली आणि मिसिंग करायला लागली. चालता चालता अडखळायची, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटर जोडला, ऑक्सिजन सेन्सर खराब आहे म्हणाले आणि वॉरंटीत नवा बसवला. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात असतो. बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त सोडलं जातं. तीन आठवड्यांत पुन्हा दिवा लागला. त्यांनी पुन्हा सेन्सर बदलला. महिनाभरात तोही काळाकुट्ट.

तिसऱ्या खेपेला सुपरवायझरनं तो काढून माझ्यासमोर धरला.

"पाहा मॅडम, किती काजळी हाये. गाडीत काई दोष नाई. तुमी हाफ क्लचवर चालवून राहिल्या. लेडीज लोकायचं असंच होते."

आणि जॉबकार्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, त्यानं शेरा लिहिला, 'चालवण्याची पद्धत सदोष.' खाली मला सही करायला सांगितलं.

"मी सही करणार नाही."

"काहून?"

"हे खरं नाही म्हणून."

"मंग खरं काय हाये? तुमीच सांगा."

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मला त्या घडीला काही सांगता आलं नाही. हसण्यापेक्षा तेच जास्त झोंबलं. "सांगते, चार दिवस द्या," म्हणाले आणि तोच सेन्सर परत बसवून घेऊन घरी आले.

बाबा निवृत्त वकील. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "सही नाही ना केली? मग झालं तर. आता पुरावा आण."

मी इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला. काळा, आणि पेट्रोलनं ओला. पण सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरनं काढलेला कागद सांगत होता की पेट्रोल कमी पडतंय. कमी पडतंय तर प्लग ओला कसा? दोन दिवस मी ह्याच्यावर अडले. तिसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात फळ्यावर ज्वलनाचं समीकरण लिहिताना खडू हातातच राहिला. ठिणगी चुकली तर पेट्रोल जळत नाही, हे मला माहीत होतं. पण मग हवेतला ऑक्सिजनही खर्च होत नाही! दोन्ही तसेच बाहेर पडतात. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. तो सांगतो, ऑक्सिजन भरपूर आहे. कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडलं, आणि आणखी ओततो. तेही धड जळत नाही, आणि काजळी सेन्सरवर बसते. सेन्सर कितीही बदला, तो काळाच होणार.

मग ठिणगी का चुकते? नवा प्लग लावला, फरक पडला नाही. राहिली प्लगवरची कॅप, प्लगपर्यंत वीज पोचवणारी. रविवारी दुपारी गाडी ओसरीच्या सावलीत घेतली, इंजिन सुरू केलं आणि इस्त्रीच्या बाटलीनं कॅपवर पाण्याचा फवारा मारला. इंजिन लगेच अडखळलं. टक् टक् आवाज झाला आणि कॅपमधून निळी बारीक रेघ इंजिनच्या धातूवर उडाली.

"बाबा, दिसलं का?"

"दिसलं. पुन्हा कर. साक्षीदारानं एकदा पाहून भागत नाही."

पुन्हा केलं. कॅपला केसाएवढा तडा होता; वीज प्लगपर्यंत न जाता तिथूनच निसटत होती. मी नवी कॅप बसवली आणि पुढच्या रविवारी थेट अमरावतीपर्यंत जाऊन आले. जाताना मूर्तिजापूरच्या पुढे गाडी मोकळी पळायला लागली. येताना कच्चा वास नव्हता. गरम होऊन होऊन सेन्सरवरची काजळीही जळत गेली असावी. दोन दिवसांनी दिवा विझला.

तडा गेलेली कॅप घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले. सुपरवायझरनं कॉम्प्युटर जोडला. सेन्सरचा आकडा जसा वर-खाली व्हायला हवा तसा होत होता.

"गाडी तं मस्त चालून राहिली. आता शेरा कायले खोडाचा?"

"मी चुकले नव्हते म्हणून खोडायचा."

"मॅनेजर नाई आज."

"मग बसते मी."

मी बाकावर उत्तरपत्रिका काढल्या आणि तपासत बसले. सकाळी दहापासून अडीचपर्यंत. काय झालं असं जो जो विचारी, त्याला कॅप दाखवून मी सगळं सांगे. आवाज मुद्दाम खाली ठेवला नाही. शेवटी सुपरवायझरच आला, शेऱ्यावर रेघ मारली, 'प्लग कॅपला तडा' असं लिहिलं आणि स्वतःची सही केली. सॉरी म्हणाला नाही. मी मागितलंही नाही.

मी गाडी काढत होते तर तो मागून बाहेर आला.

"मॅडम, अचलपूरच्या एका गाडीचा सेन्सर बी दोनदा बदलला आमी. तिच्यावर पाणी मारून पाहू काय?"

"पाहा की."

त्या गाडीत कॅप चांगली होती, कॅपला वीज देणाऱ्या कॉइलची वायर खराब निघाली. तिसरा सेन्सर लागला नाही. हे त्यानंच मला फोन करून सांगितलं.