तवशाच्या बियांसाठी बोरिवलीच्या पाड्यावर

सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं आणि मी ऑफिसात असताना कामगारांनी माझ्या कुंड्या रिकाम्या केल्या. बियांसाठी वेलावर राखलेलं एकुलतं एक तवसं, म्हणजे कोकणातली मोठी गावठी काकडी, कचऱ्यात गेलं. अकरा वर्षं मी त्याचं बी धरत आले होते. घरात एकही बी उरलं नव्हतं.

मग आठवलं, बोरिवलीच्या वैशालीला, माझ्या मैत्रिणीला, थोडं बी दिलं होतं. फोन केला.

"मी कुठे लावतेय गं! आमच्या भाजीवाल्या ताराबाईंना दिलं. त्यांच्या पाड्यावर वेल आहे, एक तवसं राखलंय म्हणे. शनिवारी ये."

मुलुंडहून घोडबंदरमार्गे बसने दोन तास धरा. वैशालीकडे थालीपीठ खाऊन रिक्षा केली. ती जंगलाच्या कडेला सोडते, पुढे वीस मिनिटं पायवाट. बूट घाला, आणि चारच्या आत परता. आम्ही पोचलोच पाचला.

ताराबाईंनी कोरा चहा दिला. "मागच्या उतारावर आहे. चला पटकन. परवा कुत्रं नेलंय वाघाने."

पाड्यावर बिबट्याला वाघच म्हणतात, हे वैशालीने हळूच सांगितलं. मी दोघींच्या मधे शिरून चालू लागले.

वेल सुकला होता. तवसं जमिनीवर, पिवळंजर्द. मी अगदी जवळ पोचले आणि झाडावरची माकडं एकदम खेकसायला लागली. ताराबाईंनी माझा दंड धरला.

"वाकू नका, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. पळू नका. बोलत राहा."

बांबूमागे गवत हललं. मग दोन कान दिसले. वैशाली मोठमोठ्याने तेराचा पाढा म्हणू लागली, तोही चुकीचा. तवसं पायाशी होतं आणि मला वाकता येत नव्हतं.

"राहू दे ते," काठी आपटत ताराबाई म्हणाल्या. पाठ न फिरवता आम्ही एकेक पाऊल मागे आलो. पाड्यावरचे चौघे रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी रिकाम्या हातांनी घरी पोचले.

सोमवारी वैशालीचा व्हिडिओ कॉल. ताराबाईंच्या टोपलीत तवसं!

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. म्हणून उन्हं वर आल्यावर गेले, चौघींना घेऊन. बी घालवायचं का त्याच्यापायी?"

बी धुऊन, राखेत घोळून वाळवलंय. निम्मं माझ्याकडे, निम्मं त्यांच्याकडे. मुलुंडही त्याच जंगलाला टेकलंय, पण माझी गच्ची सातव्या मजल्यावर आहे. तरी संध्याकाळी कुंडीवर वाकण्याआधी मी मागे वळून बघते.